पंपाची खोली आणि लोखंडी बाही

(रौप्यमहोत्सवी वर्षात कोजागिरीच्या रात्री गच्चीवर झालेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना केलेले हातवारे अर्थातच छापता आलेले नाहीत.)



मला वीस मिनिटं दिलेली आहेत. दूध आटेपर्यंत बोला, असं वहिनी म्हणाल्या. आम्हा टर्नर लोकांना ‘आटे’ म्हटलं की स्क्रूचे आटे आठवतात, पण ते असो. मागच्या वर्षी पंपाच्या वेळी आपल्या खोलीत काय काय खटपट झाली ते सगळ्यांना समजेल असं सांगा, अशी विनंती आली म्हणून उभा राहिलो आहे. आणि वार्षिक सभेत त्या खोलीचा विषय येणार आहेच, तेव्हा थोडं त्याबद्दलही बोलून घेतो.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. पंपाच्या खोलीत डाव्या कोपऱ्यात हिरव्या रंगाचं जे धूड ताडपत्रीखाली झाकलेलं असतं ते माझं लेथ मशीन. काही मुलांना ते मोठं शिलाई मशीन वाटतं. मुरबाड एमआयडीसीत एका कारखान्याच्या टूलरूममध्ये माझी नोकरी झाली. शहापूरहून रोज मुरबाडला जाणं-येणं. रिटायर झाल्यावर मिळालेल्या पैशातून बायकोला विचारून (हे महत्त्वाचं) हे छोटं मशीन घेतलं. यावर साधारण २१० मिलिमीटर व्यासाचा जॉब फिरतो. कारखान्यातल्या मशीनपुढे हे लेकरूच. पण छंदाला पुरतं.

लेथ म्हणजे काय? कुंभाराच्या चाकावर माती फिरते आणि कुंभार हात धरून तिला आकार देतो. लेथवर माती नाही, लोखंड फिरतं, आणि हाताच्या जागी असतं टूल. फरक एवढाच की लोखंडापुढे माणसाचा हात टिकत नाही. म्हणून टूल एका भक्कम सरकत्या बैठकीत आवळून धरावं लागतं. लंडनच्या हेन्री मॉडस्ले नावाच्या कारागिराने १८०० च्या सुमारास ही टूल धरणारी सरकती बैठक आणि आटे पाडणारा स्क्रू एका मशीनवर नीट बसवला, आणि तिथून पुढे एकासारखा एक स्क्रू, एकासारखा एक नट निघू लागला. आपल्या घरातला नळ, मिक्सर, लिफ्ट, सगळ्याच्या पाठीमागे कुठे ना कुठे लेथ आहे.

आपल्या मराठी माणसाचा या यंत्राशी संबंध जुना आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. ही संस्था १८८७ साली राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त निघाली, म्हणजे महोत्सवातून काहीतरी टिकाऊ निघू शकतं! पुढे लक्ष्मणराव बेळगावला गेले, सायकलींचं दुकान काढलं, लोखंडी नांगर केले आणि औंधच्या राजेसाहेबांनी जागा दिल्यावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. किर्लोस्करांचा लेथचा मोठा कारखाना १९४१ साली हरिहरला निघाला. आमच्या पिढीतल्या कितीतरी टर्नरांनी पहिला जॉब त्या लेथवर केला असेल. ज्यांच्या घरी ‘किर्लोस्कर’ मासिक यायचं त्यांना गंमत सांगतो, ते मासिक १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ या नावाने कारखान्याचं पत्रक म्हणून सुरू झालेलं. आपली स्मरणिकाही उद्या कुठे जाईल सांगता येत नाही.

आता पंपाकडे येऊ.

मागच्या वर्षीचा मे महिना तुम्हाला आठवतच असेल. आपल्या शहापूर तालुक्यात तानसा आहे, भातसा आहे. तानसाचं पाणी १८९२ पासून मुंबईला जातं. आणि याच तालुक्यातल्या वाड्या-पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघत बायका हंडे लावून बसतात. त्या मानाने आपण सुखी. बोअरवेल आहे, नळाला पाणी येतं, ते खालच्या टाकीत जमतं आणि तिथून पंपाने गच्चीवर चढतं. पण नेमका तो पंपच शुक्रवारी सकाळी ओरडायला लागला. सोसायटीचा पंप जुना, मोटर वेगळी, पंप वेगळा आणि मधे कपलिंग. उघडून बघितलं तर बेअरिंगची सीट झिजलेली. सीट म्हणजे बिडाच्या ब्रॅकेटमध्ये बेअरिंग घट्ट बसायची जागा. तिथे बेअरिंगची बाहेरची रिंग जाम बसायला हवी, फिरायचं आतल्या रिंगने. इथे बाहेरची रिंगसुद्धा गरगर फिरत होती. बेअरिंग ६३०५ नंबरचं, बाहेरून ६२ मिलिमीटर. सीट तीन-चार दशांश मिलिमीटरने मोठी झालेली. तुमच्या हिशोबात हे काहीच नाही, नखाची जाडी. पंपाच्या हिशोबात ती दरी आहे.

चौकशी केली. त्या मॉडेलचं ब्रॅकेट आता येत नाही, नवा सेट घ्या, आठ दिवस लागतील, असं उत्तर मिळालं. मग टँकर मागवू म्हणालो, पण टँकर खालच्याच टाकीत पाणी ओतणार! वर कोण नेणार? त्या दोन दिवसांत तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना ज्या मुलांनी बादल्या पोचवल्या ती मुलं आत्ता इथे पुढे बसली आहेत. त्यांच्यासाठी एकदा टाळ्या वाजवा.

उपाय आमच्या धंद्यात नवा नाही. झिजलेलं भोक मोठं करायचं, ६२ चं ६८ करायचं, त्यात तीन मिलिमीटर जाडीचा नवा बुश ठोकून बसवायचा आणि तो बुश आतून पुन्हा ६२ ला आणायचा. म्हणजे जीर्ण झालेल्या भिंतीला आतून नवं प्लास्टर. भोक आतून मोठं करायला जे टूल लागतं त्याला बोरिंग बार म्हणतात. एक गोल दांडा, त्याच्या टोकाला छोटंसं कापणारं पान. पण सीट होती तोंडापासून साठ मिलिमीटर आत. म्हणजे बार तेवढा बाहेर काढावा लागणार, आणि बार जितका बाहेर, तितका तो लवचीक.

इथे थोडं गणित सांगतो, दहावीच्या मुलांनी लक्ष द्या. एका टोकाला धरलेल्या दांड्याची बाहेरची लांबी दुप्पट केली तर तेवढ्याच जोराला तो दुप्पट नाही, आठपट वाकतो. उलट जाडी वाढवली तर फायदा त्याहून मोठा. जाडी दुप्पट केली की तो सोळापट ताठ होतो. माझ्याकडचं जुनं बोरिंगचं टूल होतं मानेला दहा मिलिमीटर जाड. त्याऐवजी सोळाचा बार धरला तर ताठपणा साडेसहापट वाढतो. पोलादी बार त्याच्या जाडीच्या चौपटीपेक्षा जास्त बाहेर काढू नये असा आमचा ठोकताळा आहे. सोळा चोक चौसष्ट. आपल्याला हवेत साठ. म्हणजे सोळाचा बार बसतो, जेमतेम बसतो.

सोळाचा गोल बार माझ्याकडे होता. पण धरायचा कसा? होल्डरचं भोक होतं पंचवीसचं. गोल बार पॅकिंगच्या पट्ट्यांवर ठेवून वरून बोल्ट आवळणारे मी खूप पाहिले आहेत. एका बाजूला दोन रेघांवर टेकलेला, वरून एका बिंदूवर दाबलेला. सायकलच्या हँडलचा बोल्ट ढिला असताना खड्ड्यातून गेलात की काय होतं, तेच. बार थरथरतो, मशीन किंचाळतं आणि भोकाच्या आतून कपड्याच्या इस्त्रीसारखं सपाट निघण्याऐवजी कॉर्डुरॉयसारख्या रेघा येतात. बेअरिंगला अशी सीट दिली तर महिन्याभरात पुन्हा तीच गत.

म्हणून बाही करायची ठरली. इंग्रजीत स्लीव्ह. शर्टाची बाही जशी हाताभोवती सगळीकडून बसते तशी ही बाराभोवती बसते. बाहेरून २५, आतून १६, भिंत साडेचार मिलिमीटरची. ड्रिल धरायच्या टेपरच्या स्लीव्ह असतात त्या वेगळ्या, ज्या स्टीफन मॉर्सचं नाव त्या टेपरला आहे तो अमेरिकेतला ड्रिल बनवणारा. आपली ही सरळ बाही.

शनिवारी दुपारी काम सुरू केलं. सोबत आपल्या वॉचमनकाकांचा मुलगा. त्यांचं गाव सरळगावच्या अलीकडे, मुलगा आयटीआयमध्ये टर्नर ट्रेडला, दोन वर्षांच्या कोर्सचं पहिलं वर्ष. मी त्याला सांगितलं, आज माझे डोळे आणि तुझे हात. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून व्हर्निअरची रेघ मला दिसते, पण हाताला पूर्वीचा भरवसा राहिलेला नाही.

ईएन-८ जातीच्या पोलादाचा ३२ मिलिमीटरचा तुकडा माझ्या पेटीत होता. साध्या माइल्ड स्टीलनेही चाललं असतं, पण हे जरा कणखर. चकमध्ये धरला, तोंड साफ केलं, सेंटर मारलं. मग सहाचं ड्रिल, दहाचं, तेराचं आणि शेवटी साडेपंधराचं. एकदम मोठं ड्रिल घातलं की ते भटकतं, म्हणून पायऱ्यापायऱ्यांनी. ड्रिलने केलेलं भोक सरळ असेलच याची खात्री नसते, तेव्हा छोट्या टूलने आतून थोडंसं घासून ते सरळ केलं, आणि मग सोळाचा रीमर. रीमर चालवताना घाई चालत नाही. गती कमी, तेल भरपूर, आणि बाहेर काढताना चक उलटा फिरवायचा नाही, उलटा फिरला की धार जाते. पोराने हे सगळं न सांगता केलं. कोणीतरी त्याला नीट शिकवतंय हे बघून बरं वाटलं.

आता यातली खरी मेख. भोक झाल्यावर तुकडा चकमधून काढायचा नाही. त्याच बैठकीत, चक न उघडता, बाहेरची बाजूही २५ ला आणायची. तुकडा काढून उलटा धरला की कितीही चांगला चक असला तरी केसाएवढा फरक पडतोच, आणि मग आतलं भोक आणि बाहेरची गोलाई यांचा मध्य एक राहत नाही. एका बैठकीत केलं की दोघांचा मध्य एकच, कारण दोघं एकाच फिरण्यातून जन्मलेले. पुढच्या टोकाला ३० मिलिमीटरची, सहा मिलिमीटर जाडीची कॉलर ठेवली, म्हणजे बाही होल्डरच्या आत घसरत जात नाही आणि काढताना धरायला मिळते.

बाहेरचं माप होल्डरच्या भोकापेक्षा एक-दोन शतांश मिलिमीटर कमी हवं. तेल लावून सरकली पाहिजे पण खुळखुळायला नको. पोरगा शेवटचा कट घेऊन लगेच मायक्रोमीटर लावायला गेला. त्याला म्हटलं, थांब, आधी चहा घेऊ. लोखंड कापताना तापतं. पंचवीस मिलिमीटरचा तुकडा तीस अंशांनी तापला तर जवळजवळ एक शतांश मिलिमीटरने फुगतो, आणि आपली सगळी सवलतच एक-दोन शतांशाची! जगभर मापं वीस अंश सेल्सिअसला धरतात. शहापूरला वीस अंश म्हणजे जानेवारीतली पहाट. मे महिन्यातल्या पंपाच्या खोलीत निदान एवढं तरी करावं की होल्डर आणि बाही दोन्ही शेजारी शेजारी ठेवून सारख्याच गार होऊ द्याव्यात. चहानंतर माप आलं २४.९८५. पोराचा चेहरा बघण्यासारखा होता.

शेवटी चीर. बाहीला एका बाजूने लांबीभर चीर पाडली नाही तर ती नुसती नळी. स्क्रू आवळला तरी नळी बाराला धरणार नाही. चीर असली की स्क्रूच्या दाबाने बाही किंचित मिटते आणि बाराला चहूबाजूंनी मूठ आवळल्यासारखी धरते. पण चीर सगळ्यात शेवटी पाडायची. पोलादाच्या पोटात ताण असतो, चिरल्यावर ते थोडं उमलतं. आधी चिरून मग टर्निंग केलं तर गोलाच्या जागी अंडं मिळेल. हॅक्सॉने चिरताना आत सोळाची लाकडी काठी ठोकली, म्हणजे ब्लेड आरपार झाल्यावर समोरची भिंत ओरबाडली जात नाही. मग कानसीने बर काढला, आत-बाहेर बोट फिरवून बघितलं. आणि होल्डरमध्ये बसवताना चीर स्क्रूच्या बरोबर खाली नाही, तर बाजूला, काटकोनात. वरून दाबलं की वरचा अर्धा भाग खाली येतो, मूठ मिटते. चीर स्क्रूखाली ठेवली तर स्क्रू चिरेच्या कडा चेचत बसतो आणि मूठ उघडीच राहते.

बाकी ब्रॅकेटची गोष्ट थोडक्यात. रविवारी सकाळी चार जबड्यांच्या चकमध्ये ब्रॅकेट धरून, डायल लावून मध्य साधायलाच दीड तास गेला. कापायला तासभर. बार थरथरला नाही. बीड असल्यामुळे काळी भुकटी उडते, तेव्हा दोघांची तोंडं गिरणीतल्या हुल्लरवर काम करणाऱ्यासारखी झाली होती, फक्त ते पांढरे असतात, आम्ही काळे. बुश बसवून पुन्हा ६२ ला आणला, नवं बेअरिंग हाताने दाबत, मऊ हातोडीने टकटक करत बसलं. संध्याकाळी सहाच्या सुमारास पंप सुरू झाला. गच्चीवरच्या टाकीत पाणी पडल्याचा आवाज आला तेव्हा जिन्यात कोणीतरी शिट्टी वाजवली. कोणी ते मला अजून कळलेलं नाही. त्या दिवसापासून आजपर्यंत ते बेअरिंग ओरडलेलं नाही.

आता सभेचा विषय. त्या कोपऱ्यात विजेच्या गाड्यांसाठी चार्जिंग पॉइंट बसवायचा प्रस्ताव आहे. माझा त्याला विरोध नाही. माझ्या जावयाचीच तशी गाडी आहे आणि तो आला की माझ्याच खिडकीतून वायर सोडतो. मी टेप घेऊन जागा मोजली आहे. लेथला लागते साडेतीन फूट बाय दोन फूट, आणि पुढे उभं राहायला तीन फूट. चार्जिंगची पेटी उजव्या भिंतीवर घेतली तर दोघांनाही जागा होते. नकाशा काढून वहिनींकडे दिलेला आहे. मात्र पेटीची अर्थिंग आणि वायर वेगळी असावी, पंपाच्या लाइनवरून घेऊ नये, एवढी सूचना नोंदवावी.

दुसरं असं की, मशीन मी सोसायटीला देऊ इच्छितो. माझ्यानंतर मुलगा ते नेणार नाही, तो पुण्याला दोन खोल्यांत राहतो. भंगारात ते किलोवर जाईल आणि त्यावर बसलेला हात कोणीच किलोवर विकत घेणार नाही. घ्यायचं की नाही हा निर्णय सर्वसाधारण सभेचा. घेतलंत तर माझ्या अटी अशा. वॉचमनकाकांचा मुलगा आणि त्याच्यासारखी शिकणारी मुलं, मग ती किन्हवलीची असोत की म्हशाची, त्यांना सरावासाठी ते मोफत मिळावं. आयटीआयमध्ये एका मशीनमागे मुलं अनेक असतात, हाताला वेळ कमी मिळतो. वेळ सकाळी दहा ते एक आणि दुपारी चार ते सात, रविवारी दुपारी बंद, कारण दुसऱ्या मजल्यावरून आवाजाची तक्रार आलेली होती आणि ती रास्त होती. आणि किल्ली एका जबाबदार माणसाकडे.

एक अट मात्र मी सभेच्या मतावर सोडत नाही. मशीन चालू असताना हातमोजे नाहीत. हातमोजा फिरत्या जॉबमध्ये अडकला की हात ओढून नेतो. ओढणी, गळ्यातला गोफ, हातातलं कडं, सैल बाही (शर्टाची!), मोकळे केस, यातलं काही नाही. चष्मा किंवा गॉगल डोळ्यावर हवाच. आणि चकची चावी चकमध्ये राहू द्यायची नाही, क्षणभरसुद्धा. मशीन सुरू झालं की ती चावी बंदुकीच्या गोळीसारखी सुटते. माझ्यासमोर एकाच्या कपाळाला लागलेली मी पाहिली आहे. तो वाचला, पण ती खूण अजून त्याच्या कपाळावर आहे.

दसऱ्याला वाहिलेला झेंडूचा हार अजून मशीनवर आहे, तो मी मुद्दाम ठेवला आहे, मुलांना बघता यावं म्हणून.

ही बाही आणि तो सोळाचा बार मी खिशातून आणला आहे. पुढच्या रांगेपासून फिरवतो. कॉलर धरून उचला, बार आत घाला, मग दोन बोटांत बाही दाबून बघा, बार धरला जातो की नाही ते. तेल लावलेलं आहे, तेव्हा पांढरे कपडे घालून आलेल्यांनी जरा जपून. दूध आलं वाटतं. वहिनी, मसाला जरा जास्त घाला.